वैशाखी पौर्णिमा : तीन प्रसंगांची एक तिथि

वैशाख शुद्ध पौर्णिमेस गौतम बुद्धाचा जन्म झाला, त्याच तिथीस त्यास बोधि प्राप्त झाली व त्याच तिथीस त्याचें परिनिर्वाण झालें, असें विधान मराठी ग्रंथांतून, पंचांगांतून व व्याख्यानांतून सर्वत्र आढळतें. श्रद्धेच्या क्षेत्रांत या विधानास हरकत घेण्याचें कोणास कारण नाहीं. परंतु अलीकडे तें इतिहाससंशोधनांत साधन म्हणून वापरलें जाऊं लागलें आहे. एखाद्या लेण्यांतील लेखांत वैशाख मास दिसला कीं ‘हें दान बुद्धपौर्णिमेचें’ असा शेरा मारण्यांत येतो. एखाद्या जुन्या पोथींत ‘बौद्धजयंती’ हा शब्द सांपडला कीं ती वैशाखी पौर्णिमाच असें गृहीत धरून पोथीचा संप्रदाय ठरविण्यांत येतो. असा शेरा एकदां टिपणवहींत चढला म्हणजे पुढील संशोधक त्यास पुरावा समजतो, आणि दगडानें किंवा कागदानें जें कधींच सांगितलें नाहीं तें त्याच्या तोंडीं कायमचें बसतें. म्हणून या त्रिविध परंपरेचीं मूळ साधनें काय म्हणतात, तीं एकमेकांशीं कितपत जुळतात, व आमच्या प्रांतांतील शिलालेखांचा त्यांस कितपत आधार आहे, हें तपासून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

(१) पालि साधनें

बुद्धाच्या अखेरच्या प्रवासाचें सर्वांत विस्तृत वर्णन दीघनिकायांतील महापरिनिब्बानसुत्तांत आहे. मुक्कामाचीं गांवें, भेटलेलीं माणसें, झालेले संवाद यांची नोंद त्यांत बारकाईनें केली आहे. परंतु परिनिर्वाणाची तिथि त्यांत दिलेली नाहीं. वेळुव गांवीं वर्षावास झाला, पुढें वैशालीजवळ चापाल चैत्यापाशीं बुद्धानें ‘आजपासून तीन महिन्यांनीं परिनिर्वाण’ असें सांगितलें, आणि कुसिनारेस दोन शालवृक्षांमध्यें त्यानें देह ठेविला, एवढेंच सुत्त सांगतें. ती घोषणा माघी पौर्णिमेस झाली असें म्हणणारी अट्ठकथा आहे. तेथून तीन महिने मोजले म्हणजे वैशाखी पौर्णिमा येते. म्हणजे मोजणी मूळ ग्रंथाची, पण मोजणीचा आरंभबिंदु टीकाकाराचा. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

त्याच सुत्तांत आणखी एक गोष्ट आहे. त्या वेळीं शालवृक्ष अकाळीं फुलले होते, असें तें म्हणतें. शालाचा बहर वसंतांतला. परिनिर्वाण वैशाखांत झालें असेल तर बहर नुकताच ओसरलेला असावयाचा. कार्तिकांत झालें असेल तर ‘अकाळीं’ हा शब्द अक्षरशः लागतो. एका अद्भुत वर्णनावरून महिना ठरवूं नये हें खरें. तथापि हें वर्णन करणाऱ्याच्या मनांत वैशाख मास होता असें त्यावरून मुळींच सिद्ध होत नाहीं.

तिथीचा स्पष्ट उल्लेख पाहिजे असेल तर आपणांस सिंहलद्वीपाकडे वळावें लागतें. महावंसांत बोधिप्राप्ति व परिनिर्वाण हे दोन्ही प्रसंग वैशाखी पौर्णिमेस घातले आहेत. हा ग्रंथ इसवी सनाच्या पांचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराचा, म्हणजे मूळ प्रसंगापासून कित्येक शतकें दूरचा. जातकांच्या निदानकथेंत गर्भप्रवेश आषाढी पौर्णिमेच्या उत्सवाशीं जोडला आहे. तेथून दहा मास मोजले म्हणजे जन्म वैशाखांत येतो. अशा रीतीनें तीन प्रसंग एका तिथीवर आले. दुट्ठगामणी राजानें चोवीस वैशाखपूजा केल्या असेंही महावंस सांगतो. तेव्हां निदान त्या ग्रंथकाराच्या काळीं सिंहलांत हा उत्सव राजमान्य होता, हें निःसंशय. परंतु उत्सवाच्या प्राचीनत्वाचा हा पुरावा आहे. प्रसंगाच्या तिथीचा नव्हे.

(२) संस्कृत साधनें

आतां नेपाळांतील पोथ्यांनीं राखलेल्या संस्कृत परंपरेकडे वळूं. राजेंद्रलाल मित्र यांनीं कलकत्त्यास व पुढें लेफमान यांनीं जर्मनींत छापून प्रसिद्ध केलेल्या ललितविस्तरांत बोधिसत्त्वाचा गर्भप्रवेश वैशाख मासीं, पौर्णिमेस, चंद्र पुष्य नक्षत्रीं असतां झाला असें वर्णन आहे. येथें दोन अडचणी उभ्या राहतात.

पहिली अडचण सरळ आहे. गर्भप्रवेश वैशाखी पौर्णिमेचा, व गर्भवास पूर्ण दहा महिन्यांचा, असें हाच ग्रंथ मानतो. मग जन्म फाल्गुनाकडे जातो. पालि परंपरा ज्या तिथीस जन्म मानते ती तिथि संस्कृत परंपरा गर्भप्रवेशास देते. दोहोंचा मेळ बसत नाहीं.

दुसरी अडचण ज्योतिषाची आहे. वैशाखाची पौर्णिमा म्हणजे पूर्ण चंद्र विशाखा नक्षत्रीं किंवा त्याच्या लगत. महिन्यास नांव त्यावरूनच पडलें. पुष्य नक्षत्रीं चंद्र पूर्ण झाला तर तो मास पौष होतो, वैशाख नव्हे. तेव्हां वैशाख, पौर्णिमा व पुष्य या तिहींपैकीं कोणतेंही एक सोडल्यावांचून वाक्य लागत नाहीं. पौर्णिमा सोडून उरलेलीं दोन धरूं. अश्विनीपासून मोजतां पुष्य आठवें व विशाखा सोळावें. चंद्र दिवसास सुमारें एक नक्षत्र चालतो. म्हणून वैशाखांत चंद्र पुष्यीं येतो तो पौर्णिमेच्या सुमारें आठ दिवस आधीं, म्हणजे शुद्ध सप्तमी-अष्टमीच्या आसपास. अश्वघोषाच्या बुद्धचरितांतही जन्मसमयीं पुष्य नक्षत्र अनुकूल होतें असें म्हटलें आहे, आणि तेथें पौर्णिमेचें नांव नाहीं. उत्तरेकडील परंपरेंत पुष्याचें स्थान मूळचें असावें व पौर्णिमा मागाहून आली असावी, अशी आमची शंका आहे. पुष्य हें सर्वकार्यास शुभ नक्षत्र असल्यामुळें केवळ मंगलार्थ त्याचा उल्लेख झाला असणें शक्य आहे, हेंही येथें नमूद करितों. पण त्या अष्टमीस दुसरीकडूनही पुष्टि मिळते.

(३) चिनी यात्रेकरू व ‘दुसऱ्या पक्षा’चा घोटाळा

ह्युएनत्संग इसवी सनाच्या सातव्या शतकांत या देशांत हिंडला. महाराष्ट्रांतही तो येऊन गेला. तिथींविषयीं तो एकच मत देत नाहीं, आणि हाच त्याच्या साक्षीचा मोठा गुण आहे. जन्म व बोधि हे प्रसंग वैशाखाच्या दुसऱ्या पक्षाच्या आठव्या दिवशीं झाले असें एक मत, व पंधराव्या दिवशीं झाले असें स्थविर संप्रदायाचें मत, अशीं दोन्ही तो देतो. परिनिर्वाण वैशाखाच्या दुसऱ्या पक्षाच्या पंधराव्या दिवशीं, पण सर्वास्तिवादी कार्तिकाच्या दुसऱ्या पक्षाचा आठवा दिवस मानतात, असें तो सांगतो. म्हणजे तीनही प्रसंग एका पौर्णिमेवर आणणारें मत हें सातव्या शतकांतही एका संप्रदायाचें होतें. सर्व बौद्धांचें नव्हतें.

येथें आमच्या प्रांतांतील वाचकांस एक इशारा दिला पाहिजे. आपण अमान्त मास मानतों. आपला दुसरा पक्ष वद्य, व त्याचा पंधरावा दिवस अमावास्या. ह्युएनत्संगानें ऐकलेली गणना पूर्णिमान्त होती. त्या गणनेंत वद्य पक्ष आधीं व शुद्ध पक्ष नंतर येतो. ‘दुसऱ्या पक्षाचा पंधरावा दिवस’ म्हणजे पौर्णिमा, व ‘आठवा दिवस’ म्हणजे शुद्ध अष्टमी. आपली गणना मनांत ठेवून हें वाक्य वाचल्यास पौर्णिमेची अमावास्या होते.

याच अष्टमीचें चिन्ह पूर्वेकडे अजून टिकून आहे. चीनमध्यें बुद्धजन्माचा उत्सव चांद्र चौथ्या महिन्याच्या आठव्या दिवशीं होतो. जपाननें १८७३ सालीं युरोपीय पंचांग स्वीकारल्यावर तो ८ एप्रिलवर आला, तरी आठवा दिवस सुटला नाहीं. त्या दिवशीं बालबुद्धाच्या मूर्तीस स्नान घालण्याची तेथें चाल आहे.

डॉ. फ्लीट यांनीं १९०९ सालीं या प्रश्नाची चर्चा करून परिनिर्वाणास कार्तिक शुद्ध अष्टमी पसंत केली. त्यांची विद्वत्ता निर्विवाद. परंतु वैशाखी पौर्णिमा ही जशी एका संप्रदायाची साक्ष, तशीच कार्तिकी अष्टमी ही दुसऱ्या संप्रदायाची साक्ष. एका साक्षीदारास बाजूस सारून दुसऱ्यास खुर्चींत बसविल्यानें खटला निकालांत निघत नाहीं.

(४) शिलालेखांची साक्ष

ग्रंथ मागून लिहिले जातात व पुन्हां पुन्हां नकलले जातात. दगड त्या मानानें अधिक विश्वासू. दगड काय सांगतात तें पाहूं.

अशोकानें राज्याभिषेकानंतर वीस वर्षांनीं लुंबिनीस स्वतः जाऊन स्तंभ उभारिला व शाक्यमुनीचा जन्म येथें झाला असें कोरविलें. त्यांत गांवास दिलेली करमाफी आहे, पण जन्मतिथि नाहीं. आठव्या शिलाशासनांत राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षीं तो संबोधीस, म्हणजे बोधिवृक्षाच्या स्थानास, गेल्याचें सांगितलें आहे. याच शासनाचा तुकडा आमच्या उत्तर कोंकणांत सोपाऱ्यास १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांस सांपडला, ही आमच्या वाचकांस अभिमानाची गोष्ट. परंतु ही यात्रा कोणत्या तिथीस झाली याचा त्यांत शब्द नाहीं. पांचव्या स्तंभशासनांत तर पवित्र दिवसांची यादीच आहे. तीन चातुर्मासी, तिष्य पौर्णिमा, चतुर्दशी, पंचदशी, प्रतिपदा व उपोसथाचे दिवस यांस मासे मारूं नयेत, असा हुकूम आहे. तिष्य म्हणजेच पुष्य. वैशाखी पौर्णिमेचें स्वतंत्र नांव त्या यादींत नाहीं. धर्माज्ञा देणाऱ्या बौद्ध राजानें पवित्र दिवस मोजतांना आजचा सर्वांत मोठा दिवस गाळला, याचा अर्थ इतकाच कीं त्या दिवसास तें वेगळें स्थान तोंवर आलेलें नसावें.

आतां महाराष्ट्रांतील लेणीं. नाशिकच्या दहाव्या लेण्यांत नहपानाचा जांवई उषवदात यानें वर्ष ४२ च्या वैशाख मासीं तें लेणें चातुर्दिश संघास अर्पण केल्याचा लेख आहे. बुद्धपौर्णिमेचा शेरा मारण्याचा मोह येथें अनिवार होतो. परंतु लेखांत तिथि नाहीं, आणि लेखाचा हेतु त्याच्या हिशेबावरून उघड दिसतो. गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या एका श्रेणींत २००० कार्षापण दरमहा शेंकडा १ व्याजानें ठेविले. त्याचें वर्षाचें व्याज २४० होतें. तें वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंस प्रत्येकीं १२ प्रमाणें चीवरासाठीं द्यावयाचें. हिशेब पैपर्यंत जुळतो. वर्षावास आषाढी पौर्णिमेनंतर सुरू होतो. त्याच्या तरतुदीस वैशाख हा सोयीचा महिना. उलट याच लेखांत पुढें वर्ष ४१ च्या कार्तिक शुद्ध पंधरावीस केलेलें दान नोंदलें आहे; तेथें तिथि स्पष्ट आहे, पण तें दान देव व ब्राह्मण यांस दिलेलें आहे. ज्या दात्यास पौर्णिमेचें महत्त्व ठाऊक होतें त्यानें बौद्ध संघाच्या दानास ती लाविली नाहीं, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

दुसरें उदाहरण आमच्या अधिक जवळचें. पनवेलीहून बोरघाट चढून गेलें म्हणजे कार्ल्याचें लेणें लागतें. तेथें वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या ७ व्या वर्षीं महारठी सोमदेव यानें वलूरक संघास गांव दिल्याचा लेख आहे. त्याचा काल ग्रीष्माचा पांचवा पक्ष, पहिला दिवस. त्या काळचें वर्ष ग्रीष्म, वर्षा व हेमंत अशा चार-चार महिन्यांच्या तीन ऋतूंचें, व ऋतु आठ पक्षांचा. ग्रीष्म फाल्गुनी पौर्णिमेनंतर सुरू होतो. त्याचा चौथा पक्ष वैशाख शुद्ध, व पांचव्या पक्षाचा पहिला दिवस म्हणजे वैशाखी पौर्णिमेचा दुसरा दिवस, आपल्या गणनेनें वैशाख वद्य प्रतिपदा. पौर्णिमेस उपोसथ पाळून दुसऱ्या दिवशीं महारठीनें गांव दिला, असें सुंदर चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें.

तें चित्र आम्ही पुरावा म्हणून घेत नाहीं. कारण नाशिकचा गौतमीपुत्र सातकर्णीचा १८ व्या वर्षाचा दानलेखही पक्षाच्या पहिल्याच दिवसाचा आहे, आणि तो पक्ष वर्षाऋतूचा दुसरा, म्हणजे श्रावण शुद्ध. तेथें कोणताही बौद्ध उत्सव जवळ नाहीं. जमिनीचा हक्क नव्या पक्षाच्या आरंभापासून लागू करण्याची ही दप्तरी सोय असूं शकेल. ग्रीष्म पक्ष ४, दिवस १५ असा काल व त्याबरोबर बुद्धाच्या चरित्रप्रसंगाचा उल्लेख एका लेखांत मिळाला, तरच शेरा मारण्यास आधार होईल.

(५) पोथ्यांतील ‘बौद्धजयंती’

पोथ्यांचा संग्रह करणाऱ्यांस याहून अधिक जपावें लागेल. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनीं शके १७१२ मध्यें पूर्ण केलेल्या धर्मसिंधूंत दशावतारांच्या जयंत्या दिल्या आहेत. त्यांत वैशाखी पौर्णिमा कूर्माची आहे, आणि बुद्धाची तिथि आश्विन शुद्ध दशमी, म्हणजे विजयादशमी. मराठी पंचांगांत दसऱ्याच्या रकान्यांत ‘बौद्धजयंती’ आढळते ती येथून आलेली. ती विष्णूच्या नवव्या अवताराची पौराणिक तिथि असून बौद्ध संघाच्या परंपरेशीं तिचा संबंध नाहीं. जुन्या पंचांगांत किंवा व्रतपोथींत हा शब्द दिसल्यास प्रथम महिना पाहावा. शब्दावरून तिथि ठरवूं नये.

योगायोग असा कीं, डॉ. आंबेडकरांनीं नागपुरास धम्मदीक्षा घेतली तो १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस विजयादशमीचाच होता. पण त्यांनीं तो अशोकाच्या स्मरणार्थ निवडला. आणि त्या दिवशीं दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकीं एका प्रतिज्ञेंत बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याची कल्पना स्पष्ट शब्दांत नाकारली आहे. तेव्हां या दोन विजयादशम्या एका सुतांत ओंवणें म्हणजे दोन्हींचा विपर्यास करणें होय.

(६) मग या दिवसाचा अर्थ काय?

इतका वेळ आम्हीं जें लिहिलें त्यावरून वैशाखी पौर्णिमेचें महत्त्व कमी झालें असें कोणी समजूं नये. विनयपिटकाच्या महावग्गांत एक कथा आहे. इतर पंथांचे परिव्राजक चतुर्दशी, पंचदशी व अष्टमीस एकत्र जमून धर्म सांगतात, तसें आपल्या संघानेंही करावें, असें बिंबिसार राजानें सुचविलें व बुद्धानें तें मान्य केलें. उपोसथ हा शब्दच वैदिक उपवसथाचा वंशज. दर्शपूर्णमासाच्या आदल्या दिवशींचें तें व्रत. यज्ञाची तयारी होती तिचें येथें शीलाच्या उजळणींत रूपांतर झालें. अशोकाच्या यादींत उपोसथ आहे, पण चरित्रप्रसंग नाहींत. आमच्या मतें क्रम असा दिसतो : पौर्णिमेचें व्रत आधींचें, बुद्धाचें चरित्र त्या व्रताच्या दिवशीं मागाहून येऊन बसलें. लोकांनीं ज्या दिवशीं आधींच दिवा लाविला होता, त्या दिव्याच्या उजेडांत त्यांनीं आपल्या शास्त्याचें जीवन वाचलें.

पाळण्याच्या रीतींतही हेंच दिसतें. सिंहलांत उपासक त्या दिवशीं पांढरीं वस्त्रें नेसून अष्टशील घेतात, बोधिवृक्षास पाणी घालतात, कंदील लावितात, वाटसरूंस अन्न देतात. तेथें ब्रिटिश अमलांत २८ एप्रिल १८८५ रोजीं वैशाखीची सार्वजनिक सुटी पुन्हां सुरू झाली व त्याच दिवशीं बौद्ध ध्वज प्रथम फडकला. सिंहली गणनेप्रमाणें परिनिर्वाणास २५०० वर्षें झाल्याचा उत्सव आपल्या देशांत २४ मे १९५६ च्या वैशाखी पौर्णिमेस झाला, आणि १९९९ सालीं संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेनेंही या दिवसास मान्यता दिली. पनवेल परिसरांतील विहारांतून आज त्रिशरण व पंचशील म्हटलें जातें, सुजातेच्या पायसाची आठवण म्हणून खीर वाटली जाते, सायंकाळीं मिरवणूक निघते. यांतील एकही आचार जन्मतिथीच्या दाखल्यावर उभा नाहीं. शील, दान व स्मरण या तीन गोष्टींवर तो उभा आहे, आणि त्यांस पंचांगाच्या चिकित्सेनें धक्का लागत नाहीं.

म्हणून आमचें म्हणणें थोडक्यांत असें. तीन प्रसंगांची एक तिथि ही स्थविर संप्रदायाची सन्माननीय परंपरा आहे. ती त्या संप्रदायाच्या नांवानेंच सांगावी. शिलालेखाचा काल त्याच्या शब्दांवरून ठरवावा, उत्सवावरून नव्हे. पोथींतील ‘बौद्धजयंती’ कोणत्या मासाची हें पाहिल्यावांचून तिची नोंद करूं नये. ज्या संग्राहकांच्या जवळ जुनीं हस्तलिखित पंचांगें व व्रतपोथ्या असतील त्यांनीं वैशाख व आश्विन या दोन मासांतील रकाने तपासून जें मिळेल तें जसेंच्या तसें, शेरा न घालितां, मंडळाकडे पाठवावें, अशी आमची विनंति आहे. वैशाखींत बुद्धाचें नांव आमच्या प्रांतांतील पंचांगांत प्रथम केव्हां आलें, हें ठरविण्यास अशा नोंदींचाच उपयोग होईल. आणि त्या नोंदी ज्या कागदावर आहेत तो कागद वर्षानुवर्षें कसर खात आहे.

पनवेल